घंटा झाली, उत्तर राहिले

शाळेतील घटक चाचणीचा एक तास डोळ्यांसमोर आणावा. तास पस्तीस मिनिटांचा. आधीच्या विषयाचे शिक्षक दोन मिनिटे उशिराच वर्गाबाहेर पडतात. मग हजेरी, मग मुलांना अंतर सोडून बसवणे, मग कागद वाटणे. शाळेची ऐपत असेल तर प्रश्नपत्रिका छापील असते. नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहिले जातात आणि मुले ते उतरवून घेतात. या साऱ्यात सात-आठ मिनिटे सहज जातात. चाचणी वीस गुणांची, हाती उरलेली मिनिटे सत्तावीस. घंटा होते, शिक्षक पहिल्या बाकापासून कागद गोळा करू लागतात आणि मागच्या बाकावरचा एखादा मुलगा शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहतो. उत्तर त्याला येत असते. कागदावर ते उतरलेले नसते, इतकेच. चार दिवसांनी त्याला वीसपैकी बारा गुण मिळतात आणि घरी निरोप जातो की मुलगा अभ्यासात कमी पडतो.

हे बारा गुण नेमके कशाचे, असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्या मुलाला पाठ किती समजला याचे, की सत्तावीस मिनिटांत त्याचा हात किती पळाला याचे? मोजमापाच्या शास्त्रात हा भेद जुना आहे. हॅरोल्ड गुलिकसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसिक चाचण्यांवरील आपल्या ग्रंथात वेगाची चाचणी आणि क्षमतेची चाचणी अशी स्वच्छ विभागणी केली. पहिलीत प्रश्न इतके सोपे की कोणाचेही चुकू नयेत. किती संपवले तेवढेच मोजायचे. दुसरीत वेळ इतका पुरेसा की न सुटलेला प्रश्न हा न आलेलाच प्रश्न मानता यावा. आपल्या वर्गातील चाचणी या दोहोंची खिचडी असते. तीत डाळ किती आणि तांदूळ किती, हे कोणीही ठरवलेले नसते. ते शाळेच्या वेळापत्रकाने, म्हणजे शिपायाच्या घंटेने ठरते.

वेगाला काही किंमतच नाही, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असे आणि सात आठे छप्पन्न हे म्हणायला त्यांना विचार करावा लागत नसे. ज्याला सात आठे किती हे आठवायला अर्धे मिनिट लागते, तो बीजगणिताच्या पायरीवर अडखळणारच. तेव्हा पाढ्यांची परीक्षा घड्याळ लावूनच घ्यावी. राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखनाच्या परीक्षेत मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांचा वेग मागतात, तिथे वेग हीच विद्या आहे. पण 'पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा' या प्रश्नात वेग ही विद्या नाही. तिथे घटनांचा क्रम लावणे, कारण आणि परिणाम वेगळे काढणे, वाक्य नेटके रचणे ही विद्या आहे, आणि तिला प्रत्येकाचा आपला असा वेळ लागतो.

इतिहास पाहिला तर गंमत अशी की घड्याळ परीक्षेत आले ते न्यायासाठीच. १८४५ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात शालेय मुलांची तोंडी परीक्षा बाजूला सारून छापील प्रश्नांची लेखी परीक्षा घेण्यात आली आणि प्रत्येक विषयाला एक तास दिला गेला. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. तोंडी परीक्षेत परीक्षक एकाला सोपे विचारतो, दुसऱ्याला कठीण. एकाला सावरून घेतो, दुसऱ्याला अडवतो. सर्वांना तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ दिला की पक्षपात संपला, असा तो युक्तिवाद होता. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. लेखी परीक्षेची ही चौकट तेव्हापासून आपली झाली.

त्याआधीची आपली रीत वेगळी होती. मिथिलेच्या शलाका परीक्षेत पोथीत सळई खुपसत आणि ती ज्या पानापर्यंत पोहोचेल त्या पानाचे विवरण विद्यार्थ्याने करायचे, असे परंपरा सांगते. पुण्यात १८७५ मध्ये स्थापन झालेल्या वेदशास्त्रोत्तेजक सभेने वेदशास्त्रांच्या मौखिक परीक्षेची वाट पुढे चालू ठेवली. अशा परीक्षेत उमेदवार थांबला तर परीक्षक थांबतो, धागा सुटला तर पुन्हा विचारतो. अर्थात साठ मुलांच्या वर्गाला ही रीत जशीच्या तशी लागू करता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. पूर्वीचे सगळे चांगले आणि नंतरचे सगळे वाईट, असे म्हणण्यात हशील नाही. बोस्टनच्या सुधारकांनी पक्षपाताचा जो रोग ओळखला तो खरा होता. त्यांच्या औषधाने मात्र एक नवी विषमता आणली. वेळ सर्वांना सारखा दिला, पण त्या वेळाचा उपयोग करण्याची साधने सर्वांपाशी सारखी नव्हती.

आपल्याच दहावीच्या परीक्षेचा हिशेब करून पाहू. गणिताची प्रत्येक प्रश्नपत्रिका चाळीस गुणांची आणि वेळ दोन तास, म्हणजे गुणामागे तीन मिनिटे. विज्ञानाचेही तसेच. मराठी प्रथम भाषेची प्रश्नपत्रिका ऐंशी गुणांची आणि वेळ तीन तास, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटे! ज्या विषयात सर्वाधिक वाचायचे आणि सर्वाधिक लिहायचे, त्यालाच गुणामागे सर्वांत कमी वेळ. त्यात मराठीची कृतिपत्रिका म्हणजे उतारा वाचा, आकलनाच्या आकृत्या पेनाने काढा, त्या चौकटींत उत्तरे भरा, मग स्वमत लिहा आणि हे सारे उरकून पत्र, सारांश, बातमी, निबंध यांकडे वळा. निबंध शेवटी येतो. ज्या मुलाला मराठी मनापासून आवडते, तोच स्वमतात रमतो आणि निबंधाला उशीर करतो. कला शाखेत पुरवण्यांवर पुरवण्या जोडत परीक्षा दिलेल्या माणसाला हे चित्र अपरिचित नाही.

दुसरीकडे, फिनलंडमध्ये उच्च माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेत एका विषयासाठी सहा तासांपर्यंत वेळ मिळतो. फ्रान्समध्ये तत्त्वज्ञानाच्या शालान्त प्रश्नपत्रिकेत एकच निबंध किंवा एकाच उताऱ्याचे विवरण लिहायचे असते आणि त्याला चार तास दिलेले असतात. त्या देशांतील सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे. पण तीन तास ही काही निसर्गाने घालून दिलेली मर्यादा नाही, एवढे तरी त्यावरून कळावे.

आपल्या राज्य मंडळालाही हे एकदा कळले होते. कोरोनाच्या काळात २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. २०२२ मध्ये परीक्षा घेताना मुलांचा लिखाणाचा सराव मोडला आहे हे मंडळाने मान्य केले आणि सत्तर ते शंभर गुणांच्या प्रश्नपत्रिकेला तीस मिनिटे, चाळीस ते साठ गुणांच्या प्रश्नपत्रिकेला पंधरा मिनिटे वाढवून दिली. स्तुत्य निर्णय. परंतु साथ ओसरली तशी ती तीस मिनिटेही ओसरली. २०२३ मध्ये शेवटी दहा मिनिटे जादा देण्यात आली, पण त्याच वर्षी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाटण्याची पद्धत गैरप्रकारांच्या भीतीने बंद झाली होती. म्हणजे ती दहा मिनिटे वाढवलेली नव्हती, इकडून तिकडे हलवलेली होती.

साथीच्या दोन वर्षांत सराव मोडला म्हणून तीस मिनिटे, हा न्याय बरोबर असेल, तर ज्यांच्या घरात लिखाणाचा सराव कधी घडलाच नाही त्यांचे काय? नंदुरबारच्या डोंगरातील मुलगा घरी भिलीची एखादी बोली बोलतो, मेळघाटातला कोरकू, गडचिरोलीतला गोंडी. प्रमाण मराठीतला प्रश्न तो आधी आपल्या बोलीत समजून घेतो, उत्तर बोलीत सुचते, मग तो ते पुस्तकी मराठीत मांडतो. ही दुहेरी ये-जा घड्याळाच्या हिशेबात कुठेच नसते. शहरातील मराठी माध्यमाची मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत गेली की तिचीही अवस्था निराळी नसते. दहावीपर्यंत 'त्वरण' आणि 'संवेग' शिकलेली ही हुशार मुलगी इंग्रजी प्रश्न वाचून तो मनातल्या मनात मराठीत आणते आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत नेते. पहिल्या चाचणीत तिचे दोन प्रश्न सुटतात. लगेच घरात सुरू होते, 'आधीच इंग्रजी माध्यमात घालायला हवे होते.' मराठी शाळा ओस पडण्याची कारणे अनेक आहेत, त्यांत या अर्ध्या राहिलेल्या पहिल्या चाचणीचाही वाटा आहे, असे या लेखकाला वाटते.

हळू लिहिणारा तो मंद, हा आपला जुना ग्रह आहे. लॉराँ श्वार्त्झ या फ्रेंच गणितज्ञाला १९५० मध्ये गणितातील सर्वोच्च मानले जाणारे फील्ड्स पदक मिळाले. आपण शाळेत संथ होतो आणि त्यामुळे आपल्याला बुद्धी कमी आहे असे वाटत असे, हे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. २०१४ मध्ये तेच पदक मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री गणितज्ञ मरियम मिर्झाखानी याही स्वतःला संथच म्हणवीत. याउलट आपले श्रीनिवास रामानुजन शाळेतील गणिताची प्रश्नपत्रिका निम्म्या वेळात संपवत असत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे प्रतिभा वेगवानही असते आणि संथही. घड्याळ लावलेली चाचणी रामानुजनांना ओळखील, श्वार्त्झ यांना ओळखीलच असे नाही.

यावर शासनाने एक तोड काढली आहे, ती म्हणजे सवलतीची. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांगत्वाच्या प्रकारांत केला आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पात्र परीक्षार्थींना दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा देण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयानेही ही बाजू भक्कम केली. लिहिताना हात आकसण्याच्या विकाराने ग्रस्त असलेल्या एका उमेदवाराच्या याचिकेवर फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल देताना, लेखनिक मिळण्यासाठी ठरावीक टक्क्यांच्या दिव्यांगत्वाची अट आड येऊ शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हक्काचा जादा तास नाकारल्या गेलेल्या एका विद्यार्थिनीवर अन्याय झाल्याचे नमूद करून त्याची भरपाई कशी करता येईल हे ठरवण्यास परीक्षा यंत्रणेला सांगितले. या सवलती लढून मिळाल्या आहेत आणि त्यांना धक्का लागता कामा नये.

तथापि सवलतीला प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्राला मोठे रुग्णालय, तज्ज्ञ, चाचण्या, अनेक खेपा आणि मुळात आपल्या मुलाला असे काही असू शकते हे ओळखणारे शिक्षक व पालक लागतात. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरात हे सारे जमते. तालुक्याच्या गावी तोच मुलगा 'ढ' ठरून मोकळा होतो. शिवाय जिथे मिनिटांना भाव येतो तिथे मिनिटांचा बाजारही भरतो. अमेरिकेत २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या घोटाळ्यात धनाढ्य पालकांना एक युक्ती शिकवण्यात आली होती. मुलाला अध्ययन अक्षमता असल्याचे दाखवून प्रवेश चाचणीत जादा वेळ मिळवायचा! खऱ्या गरजवंताकडे त्यामुळे संशयाने पाहिले जाते, हे त्यातले अधिक वाईट.

आता मोठ्या स्पर्धा परीक्षांकडे वळू, कारण वर्गातील चाचणीला हल्ली तिथलाच वारा लागला आहे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत एका प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे असा साचा राहिला आहे, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला प्रश्नामागे ७२ सेकंद. २०२५ मध्ये राज्य शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ते मूल आणखी एक वर्षाने लहान असेल. अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेश परीक्षेत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे जागा मोजक्या, उमेदवार लाखोंनी. चाळणी कुठली तरी लावावीच लागते आणि घड्याळ ही सर्वांत स्वस्त चाळणी आहे. ती किती नाजूक आहे, हे २०२४ च्या 'नीट' परीक्षेने दाखवले. ५ मे रोजी झालेल्या त्या परीक्षेत काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ उमेदवारांना वाढीव गुण दिले गेले. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला वजा एक अशा हिशेबात ७२० पैकी ७१८ किंवा ७१९ गुण मिळणे शक्यच नसते. ते मिळालेले दिसले आणि देशभर गदारोळ झाला. अखेर ते गुण रद्द करून २३ जून रोजी त्या उमेदवारांसाठी फेरपरीक्षा ठेवावी लागली. तिला ८१३ जण बसले. वाया गेलेली मिनिटे गुणांत कशी बदलायची, हे देशातील सर्वांत मोठ्या परीक्षा यंत्रणेलाही साधले नाही.

पण आठवीच्या वर्गातील घटक चाचणीत कोणत्या जागा वाटायच्या आहेत? कोणाला गाळायचे आहे? ती चाचणी मुलाला काय समजले आणि काय नाही हे शिक्षकाला कळावे एवढ्यासाठी असते. शिक्षण हक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची भाषा आहे. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. तिला आमचा विरोध नाही, परीक्षेविना शिक्षण ढिले पडते असाच अनुभव आहे. मात्र परीक्षा परत आली म्हणून चाळणीही परत आणायचे कारण नाही.

येथे आमच्या वाचकांचा एक आक्षेप ऐकू येतो आहे. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू झाला पाहिजे आणि ठरल्या वेळी संपला पाहिजे, या शिस्तीत वाढलेली ही मंडळी आहेत. आयुष्यात कोण वेळ वाढवून देतो, असे ती विचारतील. हा लेखक तीस वर्षे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत वावरला आहे, जिथे रात्री ठरल्या वेळी पान सोडावेच लागते. पण तिथे काय घडते? पान सोडायची वेळ सर्वांना सकाळपासून ठाऊक असते. मजकूर जास्त झाला तर मुख्य उपसंपादक मजकूर कापतो. उपसंपादकाने अर्धे वाक्य लिहून सोडून द्यावे, असे तो म्हणत नाही. नवख्याला आधी महिनोन्‌महिने बिनचूक लिहायला शिकवतात आणि मग त्याच्याकडून वेग मागतात. वेळ पाळणे हा सद्गुणच आहे, आणि तो प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाही लागू आहे. सत्तावीस मिनिटांच्या तासाला पस्तीस मिनिटांचे प्रश्न काढणारा शिक्षकच वेळ पाळत नसतो!

तेव्हा करण्यासारखे पहिले काम म्हणजे प्रश्न कमी करणे. शिक्षकाने आपली प्रश्नपत्रिका स्वतः, पेनाने, पूर्ण वाक्यांत सोडवून पाहावी. त्याला लागलेल्या वेळाच्या तिप्पट वेळ विद्यार्थ्याला द्यावा, असा ठोकताळा परदेशी विद्यापीठांतील अनेक अध्यापक वापरतात. शाळकरी मुलांसाठी तो तिपटीहून थोडा सैलच असावा. शिक्षकाला उत्तरे लिहायला दहा मिनिटे लागत असतील तर पस्तीस मिनिटांच्या तासाची ती चाचणी नव्हे, हे त्याला आपोआप कळेल. मुख्याध्यापकांनी चाचणीसाठी दोन तास जोडून द्यावेत किंवा चाचणी मधल्या सुट्टीआधीच्या तासाला ठेवावी, म्हणजे ज्याचे थोडे राहिले आहे त्याला पाच-दहा मिनिटे बसता येईल. डबा पाच मिनिटांनी उघडला तर काही बिघडत नाही. केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचायला पंधरा मिनिटे वेगळी असतात. घटक चाचणीत निदान तीन मिनिटे तरी नुसती वाचायला असावीत.

आणखी एक साधा उपाय आहे, त्याला पैसाही लागत नाही. घंटा झाली की प्रत्येक मुलाने लिहिलेल्या शेवटच्या ओळीखाली एक रेघ मारावी आणि पुढची दहा मिनिटे पेन्सिलीने लिहीत राहावे. रेघेच्या वर जे आहे ते वेळेत आलेले; रेघेखाली जे आहे ते वेळ मिळाल्यावर आलेले. शिक्षकाला एकाच कागदावर दोन गोष्टी वेगळ्या दिसतील. ज्याचे रेघेखाली काही वाढले नाही, त्याला पाठ पुन्हा शिकवावा लागेल. ज्याचे रेघेखाली सहा गुणांचे अचूक उत्तर आहे, त्याला पाठ येतो. त्याला हवा आहे तो लिखाणाचा सराव, आणि कदाचित तज्ज्ञाकडे एक चक्कर. आज या दोघांनाही बारा गुण मिळतात आणि दोघांनाही एकच निरोप घरी जातो.

पालक सभेत आपण सगळे जातो. किती गुण पडले, पहिला कोण आला, अभ्यासक्रम कुठवर झाला, हे विचारतो. पुढच्या सभेत वर्गशिक्षकांना एवढेच विचारावे, की गेल्या चाचणीत वर्गातल्या किती मुलांची उत्तरपत्रिका पूर्ण झाली होती. हा आकडा त्यांच्यापाशी नसेल, बहुधा नसेलच, तर पुढच्या चाचणीपासून तो गुणांच्या शेजारी लिहून ठेवावा, अशी त्यांना विनंती करावी.